केंट स्टेट, ४ मे: पार्किंगमधली अर्ध्या तासाची पाळी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केंट स्टेट विद्यापीठ आहे. तिथे ४ मे १९७० ला गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. त्यांच्या स्मृतिदिनाला पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास स्मारकाकडे वळतो. मीही तिकडेच वळलो होतो. १९९० सालचं ते ग्रॅनाइटचं स्मारक टेलर हॉलच्या बाजूला टेकडीवर आहे. त्याच्या आसपास ५८,१७५ डॅफोडिलचे कंद लावले होते, व्हिएतनाममध्ये गेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे एक. (फुलं बघायची तर एप्रिलमध्ये यावं, ४ मेपर्यंत ती बहुधा सुकून जातात.) पण मेलेल्यांच्या आठवणीत आळीपाळीने उभं राहायचा रात्रीचा मूक पहारा तिथे नसतो. तो असतो खाली, प्रेंटिस हॉलच्या पार्किंगमध्ये, कारण पोरं पडली ती तिथे.

थोडक्यात प्रसंग. ३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य पाठवल्याचं जाहीर केलं आणि विद्यापीठं पेटली. ४ मेला नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्याच्या जवानांनी कॉमन्स मैदानावरच्या विद्यार्थ्यांना अश्रुधूर सोडत टेकडीपलीकडे रेटलं. जवान खालच्या सरावाच्या मैदानापर्यंत गेले, तिथे काही मिनिटं थांबले आणि परत टेकडीवर चढले. वरच्या पॅगोडा नावाच्या छोट्या बांधकामाजवळ पोचल्यावर २८ जण वळले आणि गोळ्या झाडल्या. १३ सेकंदांत ६१ ते ६७ गोळ्या, ४ ठार, ९ जखमी. वेळ दुपारी १२.२४.

सगळा कार्यक्रम या एका वेळेवर बेतलेला आहे. ३ मेच्या रात्री ११ वाजता कॉमन्सवरच्या व्हिक्टरी बेलपाशी जमायचं. ही घंटा मुळात फुटबॉलच्या विजयाची. त्या दुपारी सभेला मुलं गोळा करायलाही हीच वाजवली होती. तिथून मेणबत्त्या घेऊन कॅम्पसभोवती तासभर मूक फेरी निघते आणि मध्यरात्रीच्या सुमारास पार्किंगमध्ये पोचते. समाजशास्त्राचे प्राध्यापक जेरी लुईस यांनी १९७१ साली ही प्रथा सुरू केली. गोळीबाराच्या दिवशी विद्यार्थी आणि जवान यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या प्राध्यापकांपैकी ते एक.

मेणबत्तीची गंमत अशी की वारा नसला तरी चालण्यानेच ती विझते. कागदी कपाच्या बुडाला फुलीची चीर पाडायची, मेणबत्ती खालून वर सरकवायची आणि ज्योत कपाच्या काठाखाली दोन बोटं राहील अशी ठेवायची. जास्त खोल गेली तर कप करपतो. शेजाऱ्याकडून पेटवून घेताना विझलेली मेणबत्ती वाकवायची, पेटलेली सरळच धरायची. उलटं केलं की गरम मेण देणाऱ्याच्या मनगटावर सांडतं. आणि मूक फेरीत ओरडायचीही सोय नाही!

चौघांच्या चार जागा पार्किंगमध्ये आखून घेतलेल्या आहेत, भोवती बुटके दिव्याचे खांब आहेत. १९९९ पर्यंत तिथे सरळ गाड्या लागायच्या. प्रत्येक जागी एकाने अर्धा तास उभं राहायचं. मध्यरात्र ते १२.२४ म्हणजे २५ पाळ्या, शेवटची २४ मिनिटांची. चार जागांचा हिशेब केला तर १०० पाळ्या भरतात. सकाळी अकरानंतरच्या पाळ्यांना माणसं आपणहून येतात, पहाटे तीन ते पाचच्या भरताना नाकी नऊ येतात. नवीन माणूस असाल तर तीच वेळ मागून घ्या. त्या वेळी कॅमेरे नसतात, गर्दी नसते.

पाळीआधी पाच मिनिटं जाऊन शेजारी थांबायचं, ज्योत घ्यायची, मग आधीच्याने निघायचं. जागा क्षणभरही रिकामी राहू द्यायची नाही. ओहायोत मेच्या रात्री चांगलंच गारठतं. कानटोपी, दोन जोड मोजे आणि जाड तळव्याचे बूट हवेत, डांबराचा गारवा पायातून वर चढतो. गुडघे ताठ आवळून उभं राहू नये. रक्त पायात साठतं आणि भोवळ येते, रिकाम्या पोटी तर नक्कीच. गुडघे किंचित सैल सोडायचे, भार हळूच या पायावरून त्या पायावर न्यायचा. फोन बंद. नुसती थरथरसुद्धा त्या शांततेत चारही जागांना ऐकू जाते.

उभं राहिल्यावर तोंड पॅगोडाकडे करून बघा. जेफ्री मिलर तिथून २६५ फुटांवर होता, ॲलिसन क्राऊस ३४३, विल्यम श्रोडर ३८२ आणि सँड्रा शॉयर ३९० फुटांवर. ३९० फूट म्हणजे जवळजवळ ११९ मीटर. एवढ्या अंतरावरून माणूस अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. ‘जवानांच्या जिवाला धोका होता’ हा गोळीबाराच्या समर्थनाचा युक्तिवाद कागदावर वाचणं वेगळं आणि इथे उभं राहून मोजणं वेगळं. बोलताना चौघांनाही सरसकट ‘आंदोलक’ म्हणू नये. शॉयर वर्गाला निघाली होती आणि श्रोडर निदर्शनात नव्हता, तो तर लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता. वर जाताना टेलर हॉलजवळच्या पोलादी शिल्पातलं गोळीचं भोक जरूर बघावं. त्यात बोट जातं.

दुपारचा मुख्य कार्यक्रम बाराच्या सुमारास कॉमन्सवर होतो. तिथे खरा घोटाळा भाषणांचा. वक्ता रंगात आला की १२.२४ निसटते, म्हणून घड्याळ धरून बसणारा एक माणूस वेगळा नेमावा आणि वक्त्याला आधीच बजावून ठेवावं. घंटा पंधरा वेळा वाजते. तेरा इथल्या ठार-जखमींसाठी आणि दोन जॅक्सन स्टेट विद्यापीठातल्या मृतांसाठी. मिसिसिपीत १५ मे १९७० ला पोलिसांच्या गोळ्यांनी फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन गेले. मोजणाऱ्याला ‘तेरा’ एवढंच सांगितलं असेल तर हे दोघे सुटतात.

घरून ऑनलाइन बघणाऱ्यांसाठी: तिथे दुपारचे १२.२४ होतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९.५४ झालेले असतात.

शेवटची घंटा झाली की मेणबत्त्या विझवायच्या. डांबरावर सांडलेलं मेण ओलं असताना पुसू नये, पसरतं. पार घट्ट होऊ द्यायचं आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचं, सालासारखं निघून येतं.