तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवरचा मोठा इन्व्हर्टर खोक्यात का?

“3000 वॅटचा इन्व्हर्टर खोक्यात घालून ठेवलाय आणि ग्राइंडरसाठी जनरेटर ओढताय?” बोटीवर येणारा प्रत्येक जण हे विचारतो. शिडी पुरती उतरायच्या आधीच विचारतो. आजवर मी वेळ मारून नेली. कधी म्हणालो वायरिंग व्हायचंय, कधी म्हणालो जनरेटर पडून राहिला तर बिघडतो. दुसरी गोष्ट खोटी नाही, पण कारण ती नव्हे. एकदाचं सगळं लिहून ठेवतो.

आधी थोडी कुरकुर. इन्व्हर्टर म्हटलं की लोक वॅट विचारतात. खोक्यावरचा आकडा तो देऊ किती शकतो याचा असतो. मागतो किती, हे तिथं मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही. 2200 वॅटचा नऊ इंची ग्राइंडर लोखंडात नीट घुसला की 12 व्होल्टच्या बॅटरीतून 200 अँपिअरच्या वर ओढ लागते. माझ्याकडे 100 अँपिअर-तासाच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, समांतर जोडलेल्या. म्हणजे 200 ना? हो, पण 20 तासांत, दोन्हींतून मिळून 10 अँपिअरनं काढले तर. वीसपट वेगानं काढायला जाल तर तासभरही मिळणार नाही. अर्ध्या तासाच्या आसपास, तेही बॅटरी पार पिळून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या काळी मीच येईल त्याला तोऱ्यात ऐकवायचो.

आणि तरीही मोठा पोहरा आणला. माझं म्हणणं असं की ग्राइंडर सलग अर्धा तास चालवतो कोण? दोन मिनिटं कापायचं, पाच मिनिटं मापायचं, तेवढ्यात बॅटरी दम खाते. हा हिशेब चूक नव्हता. आजही मला तो चूक वाटत नाही, आणि पंचाईत तिथंच आहे.

डेकवर एक गंजलेली पट्टी कापून काढायची होती. धाकटा भाऊ वर ग्राइंडर घेऊन, मी खाली. पहिल्या दिवशी इन्व्हर्टर लगेच कोकलायला लागला: व्होल्टेज कमी. वायर जुनीच होती, 35 चौरस मिलीमीटरची, जाऊन-येऊन सहा मीटर. 200 अँपिअरला तेवढ्यात 0.6 व्होल्ट खाल्ला जातो. बारातला 0.6 किरकोळ वाटतो, पण दाबाखाली बॅटरी आधीच साडेअकराच्या खाली आलेली असते आणि इन्व्हर्टर साडेदहाला हात टेकतो. म्हणून मी दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीची आणखी एकेक वायर टाकली. कसं शहाण्यासारखं केलं! फ्यूज 300 अँपिअरचा, बॅटरीच्या अगदी जवळ. पुस्तकात असतं तसं सगळं.

फक्त निगेटिव्हच्या टर्मिनलवर लगचा, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या तांब्याच्या कडीचा, कान बॅटरीच्या प्लास्टिकला टेकत होता, सपाट बसत नव्हता. मी डब्यातून स्टेनलेस स्टीलचा एक वॉशर काढला, लगच्या खाली सरकवला आणि नट आवळला. छान बसला. झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर सुरेख चालला. भाऊ वरून ओरडला, “दादा, लोण्यासारखं कापतंय!” मी खाली बसून इन्व्हर्टरवरचे आकडे बघत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. पाच-सहा काप झाले असतील. मग तोच म्हणाला, “दादा, वास येतोय का रे?” मी म्हणालो, डिस्कचा असेल, काप तू. त्यानं कापलं. पुढच्या वेळी त्यानं विचारलं नाही, सरळ बटण सोडून खाली आला. तोवर बॅटरीच्या पेटीच्या फटीतून धूर निघत होता.

झाकण उघडायचं की नाही? ते चार-पाच सेकंद मला अजून आठवतात. सकाळभर त्याच बॅटऱ्या चार्ज झाल्या होत्या. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीवर पेटतो. हे मला माहीत होतं. मी लोकांना सांगायचो. मेन स्विच बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, भावाला वर पिटाळलं, तो गेला नाही. मग झाकण त्यानंच उचललं, माझ्या आधी.

निगेटिव्हचं शिसं मेणासारखं एका बाजूला ओघळलं होतं. वायरीचं काळं आवरण फुगून फुटलेलं. शिसं 327 अंशांना वितळतं, यावरून अंदाज करा. फ्यूज मात्र ठणठणीत. का उडावा? त्याच्यातून 210-220 अँपिअर जात होते, तेवढे जायलाच हवे होते. फ्यूजला प्रवाह जास्त झालेला कळतो, सांधा तापलेला कळत नाही. स्टेनलेस स्टीलचा विजेला विरोध तांब्याच्या चाळीसेक पट, वर ऑक्साइडचा पातळ थर, आणि टेकतो तो कडेकडेनंच. अशा सांध्यात एक मिलीओहम जरी आला, तरी 200 अँपिअरला बोटाच्या पेराएवढ्या जागेत 40 वॅट उष्णता. सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते.

म्हणजे आडात पाणी होतं, पोहराही मोठा होता. दोर जळाला, आणि गाठ मी मारली होती.

त्या दिवशी मी हे कबूल केलं नाही. “तू ग्राइंडर दाबून धरत होतास” म्हणून भावावरच खेकसलो. वॉशर मी दोन दिवसांनी, तो नसताना काढला. त्याला तो बऱ्याच दिवसांनी खिळ्यांच्या डब्यात सापडला, निळा-जांभळा पडलेला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तुमचे उपाय. जुना 1500 चा आणि हा 3000 चा, दोघांचं आउटपुट एकत्र करा? एकमेकांशी ताल जुळवण्याची सोय नसलेले दोन इन्व्हर्टर असे जोडले की दोन्ही जातात. लिथियम घ्या? व्होल्टेज छान टिकून राहतं, मान्य. पण आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, 100 अँपिअरचा असेल तर तो मधेच दार लावून घेतो, आणि इंजिनाचा अल्टरनेटर तशा बॅटरीला थेट जोडला तर तो जीव तोडून चार्ज करत स्वतःच भाजून निघतो. 24 व्होल्ट करा? हे मला पटतं. प्रवाह अर्धा, सांध्यातली उष्णता पाव. पण दिवे, बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, रेडिओ, स्टार्टर, सगळं 12 चं आहे. भाऊ म्हणतो, दोन वेगळ्या बॅटऱ्या फक्त इन्व्हर्टरला ठेव, बाकीच्याला हात लावू नकोस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. “जागा नाही” म्हणतो. जागा आहे.

आणि हो, सर्ज 6000 लिहिलंय हे मलाही वाचता येतं. ते क्षणभराचं असतं. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट मागते; तेवढं इन्व्हर्टर देईलही, पण मागे बॅटरी, वायर आणि प्रत्येक नट यांनीही त्या क्षणी ते द्यायचं असतं.

गेल्या महिन्यात भावानं 70 चौरस मिलीमीटरची केबल ओढली. लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबले, नव्या बॅटरीचं टर्मिनल घासून चकचकीत केलं, तांबं थेट शिशावर, वॉशर नटाच्या खाली, जिथं असायला हवा तिथं. इन्व्हर्टरच्या बाजूचे दोन बोल्ट तेवढे राहिलेत. “दादा, लावू?” म्हणाला. मी पाना घेऊन बॅटरीवरचा नट तीनदा तपासला. घट्ट होता. मग वर गेलो आणि जनरेटरची दोरी ओढली.