तुम्ही विचारलंत म्हणून: बंगळूरला किती पगार लागतो?

हा प्रश्न मला नणंदेच्या मुलीनं विचारला, पुण्यातल्या जुन्या शेजाऱ्यांनी विचारला. मागच्या खेपेला उद्यान एक्सप्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या मुलानं तर सोलापूर यायच्या आतच विचारला. त्याला पहिली नोकरी लागली होती. "काकू, बंगळूरला किती पगार असला म्हणजे पुण्यासारखं राहता येतं?"

मी सगळ्यांना उलटा प्रश्न करते. पगाराचं नंतर बघू, आत्ता हातात रोख किती आहे?

आम्ही जून २०२३मध्ये इथे आलो. मी, नवरा आणि तिसरीत जाणारी मुलगी. मला हिशेबाची वही लिहायची सवय आहे. सासरी सगळे तिला हसतात, पण या प्रश्नाचं उत्तर मला त्या वहीमुळेच देता येतं. तिच्यातली पुण्याची शेवटची सहा पानं आणि बंगळूरचं दुसरं वर्ष शेजारी शेजारी ठेवलं, तर महिन्याच्या किराणा-भाजीच्या खर्चात फारसा फरक नाही. भाजी तेवढीच, डाळी तेवढ्याच. दूध स्वस्त. निळ्या पिशवीतलं नंदिनीचं दूध एप्रिल २०२५ची दरवाढ धरूनही लिटरला ४६ रुपये, साय मात्र बेताचीच येते. व्यवसाय कराची भीती घालणारेही भेटतात. त्यांना सांगा, राज्यघटनेच्या २७६व्या कलमानं त्यावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तो इथेही तेवढाच आणि तिथेही तेवढाच.

फरक पडतो तो एकरकमी पैशांत. पहिल्या वर्षात जे एकदाच जातात आणि कुठल्याही पगाराच्या बोलणीत येत नाहीत, त्या पैशांत.

त्यात पहिला नंबर डिपॉझिटचा. सिंहगड रोडवरचा आमचा फ्लॅट आम्ही भाड्यानं देऊन आलो. १८,००० भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे हातात आले ३६,०००. त्याच आठवड्यात जे. पी. नगरला ३०,००० भाड्याचं घर पसंत पडलं आणि घरमालक अगदी सहज म्हणाले, "टेन मन्थ्स." मला वाटलं दहा महिन्यांचा करार म्हणतायत. ते दहा महिन्यांच्या डिपॉझिटबद्दल बोलत होते. तीन लाख रुपये! इथली ही जुनीच रीत आहे. आता बरेच जण पाच-सहा महिन्यांवर येतात, पण बोलणी दहापासूनच सुरू होतात, हे माहीत नसलेला माणूस तिथेच गार पडतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत सुचवली आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. घरमालकापुढे त्याचं नाव काढून उपयोग नाही. मी काढून पाहिलंय.

जाता जाता सांगते. हे बंगळूर एकेकाळी शहाजीराजांची जहागीर होतं, पुढे ते व्यंकोजींकडे आलं. १६८७मध्ये मोगलांनी ते घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं. किंमत, तीन लाख रुपये. किल्ला, पेठ, तलाव सगळं धरून. आमच्या घरमालकांना हे सांगायचा मोह मी आवरला. शेवटी डिपॉझिट दोन लाखांवर ठरलं.

डिपॉझिट काय, परत मिळतं, असं लोक म्हणतात. मिळतं, पण पुरतं नाही. दोन लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १४,००० व्याज आलं असतं, म्हणजे महिन्याला जवळपास १,१७० रुपये. शिवाय घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात. तुम्ही भिंतीला टाचणी लावली नसली तरी कापतात, कारण करारात तसं लिहिलेलंच असतं. आम्ही दोन वर्षांनी ते घर सोडलं, तेव्हा ते ३०,००० चोवीस महिन्यांवर पसरले तर महिन्याला १,२५०. म्हणजे ३०,००० भाड्याचं घर आम्हाला ३२,४००च्या वर पडत होतं आणि वहीत आम्ही दोन वर्षं ३०,००० लिहीत होतो.

'लीज'च्या पाट्या दिसतील, त्याबद्दलही विचारतात. इथे त्याला भोग्य म्हणतात. एकदम मोठी रक्कम द्यायची, दोन-तीन वर्षं बिनभाड्याचं राहायचं, जाताना रक्कम परत घ्यायची. ऐकायला गोड आहे. पण घरावर आधीच बँकेचं कर्ज असेल, किंवा मालकाकडे परत द्यायला पैसेच नसतील, तर तुम्ही कुणाच्या दारात उभे राहणार? नवख्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा खड्डा गाडीचा. आमची हॅचबॅक २०१९ची, एमएच १२. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, आणि मग इथला आजीवन रस्ता कर. कर्नाटकात हा कर चढा आहे. नव्या गाडीला किंमत पाच ते दहा लाखांच्या मधे असेल तर १४ टक्के, दहा ते वीस लाखांच्या मधे १७ टक्के. महाराष्ट्रात पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के भरून आपण गाडी घेतलेली असते. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी आमचे ७२,००० गेले. गाडी पाच वर्षांची होती, विकली असती तर हाती काय आलं असतं ते धरून बघा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा म्हणून भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. त्याचा अर्ज भरून फाईलमध्ये लावलेला आहे, तो नेऊन द्यायचा आमचा आळस अजून संपलेला नाही.

म्हणून सांगते, गाडी तीन-चार वर्षांच्या पुढची असेल तर पुण्यातच विका आणि इथे केए नंबरची जुनी गाडी घ्या. नवी घ्यायची असेल आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील, किंवा सरकारी नोकरी असेल, तर बीएच मालिकेचा नंबर घ्या. २०२१पासून ती सोय आहे. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच.

सामानाच्या ट्रकचे ३८,००० झाले. त्यातले निदान दहा हजार मूर्खपणाचे. इथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं असतात. आमचं लोखंडी कपाट साडेआठशे किलोमीटर आलं आणि बाल्कनीत उभं राहिलं. आता त्यात कुंड्यांची माती आणि जुनी वर्तमानपत्रं आहेत. दलालाचं एक महिन्याचं भाडं, शाळेचं प्रवेशशुल्क ५५,०००, पहिल्या महिन्याचं भाडं. सगळं मिळून पहिल्या वर्षात सव्वाचार लाख एकरकमी गेले, आणि समोर जमेला ते ३६,०००. कंपनीनं ट्रकचे पैसे दिले. ऑफर लेटरमधल्या 'रिलोकेशन'चा अर्थ बहुतेक वेळा तेवढाच असतो, सही करायच्या आधी विचारून घ्या.

पाण्याबद्दल थोडं. घर बघताना पुण्यात आपण विचारतो, पाणी किती वेळ येतं? इथे विचारायचं, पाणी कुठून येतं? कावेरी शंभर-एक किलोमीटरवर आहे आणि शहर नऊशे मीटर उंचीवर, ते पाणी पंपानं चढवून आणतात. तुमच्या इमारतीला कावेरीची जोडणी आहे, की बोअरवेलवर चालतं, की टँकरवर, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. मार्च २०२४मध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा जिल्हा प्रशासनाला खासगी टँकरचे दर ठरवून द्यावे लागले, पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये, १२,००० लिटरला १,०००. आमच्या मेंटेनन्समध्ये तीन महिने १,२०० रुपयांची भर पडली. ऑक्टोबर २०२४मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण तो आपल्या इमारतीच्या नळापर्यंत पोचलाय का, ते वॉचमनला विचारावं. एजंटला विचारू नये.

आता जमेची बाजू, कारण तीही आहे आणि ती कुणी सांगत नाही. जुलै २०२३पासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज महिन्याला २०० युनिटपर्यंत माफ आहे. किती माफ ते आधीच्या सरासरी वापरावर ठरतं, पण भाडेकरूलाही मिळते. इथे एसी लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा रात्री पंखा मंद करावा लागतो. आमचं बिल बहुतेक महिने शून्य येतं. आधीच्या भाडेकरूचं आधार मीटरला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवून घ्या. आणि शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. म्हणजे कंडक्टर तिकीट देतो, त्यावर किंमत शून्य. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. मी वर्षभर आधारवरचा पत्ता बदलला नव्हता. सिंहगड रोड पुसायला मन होईना. रोजचे जाऊन येऊन चाळीस रुपये, म्हणजे त्या हळवेपणाची किंमत महिन्याला हजारच्या घरात. बदलला मग.

स्वयंपाकघराचा हिशेब मला उशिरा कळला. पुण्यात ज्वारी आणि इंद्रायणी तांदूळ माहेरून यायचा, मुलगी शाळेतून आली की खालच्या मजल्यावरच्या आजींकडे थांबायची. वहीत हे कधीच नव्हतं, कारण त्याचे पैसे पडत नव्हते. इथे ज्वारी विकत आणि मुलीचं पाळणाघर ६,०००. उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या दुकानात ज्वारीचं पीठ उत्तम मिळतं, कडक भाकरीही मिळते, तांदूळ आम्ही सोना मसुरीवर आलो. त्या आजींची सोय मात्र कुठल्या दुकानात मिळाली नाही. तुमच्या घरी वयस्क माणसं मूल सांभाळत असतील, तर पगाराच्या बोलणीत हा आकडा सगळ्यात आधी धरा.

शाळेत कन्नड सक्तीचं. मुलीसाठी शिकवणी लावली, महिन्याला १,५००. मी शेजारी भाजी निवडत बसायचे. त्याआधीचं पूर्ण वर्ष मी सगळी भाजी मॉलमधून आणली होती. इथल्या भाजीवाल्यांनी मला फसवलं नाही कधी. मीच "एष्टु?", म्हणजे किती, असं विचारून उत्तर कळणार नाही म्हणून लाजायचे. हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु करत मुलीबरोबर शंभरपर्यंत आकडे झाले आणि मी गाडीवर गेले. मेथीची जुडी उचलून म्हटलं, "स्वल्प कम्मी माडी." त्या बाईनं मला हिंदीत विचारलं, "पुने से हो क्या?" पाच रुपये मात्र कमी केले. त्या महिन्यापासून भाजीचा खर्च वहीत ९०० रुपयांनी उतरलेला दिसतो.

राहिलं घरी जाणं. पहिल्या वर्षी आम्ही पाच वेळा पुण्याला गेलो. गणपती, दिवाळी, चुलतभावाचं लग्न, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मे महिना. तिघांचे मिळून ६८,०००. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी स्लीपर बसचं तिकीट एरवीच्या तिप्पट असतं आणि रेल्वेचं वेटिंग. भाज्यांचे भाव विचारणाऱ्या एकानंही मला हे विचारलेलं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही तीनदा गेलो, तिसऱ्या वर्षी दोनदा. त्या रकान्यातला आकडा दर वर्षी उतरतो आहे, आणि तो उतरलेला बघून बरं वाटत नाही.

यंदा दिवाळीला आईच इकडे येते म्हणाली. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. मी सकाळी आठला फोन घेऊन बसले आणि खालचा बर्थ मिळवला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२०पासून बंद आहे, हे आईला मान्यच नाही. किती पडलं, असं तिनं विचारलं. मी निम्मा आकडा सांगितला. वहीत पूर्ण लिहिलाय.