उथळ पाण्याचे बळ: सिव्हिलायझेशन ६ मधील समुद्र आणि आरमार

सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरील डावपेचांच्या खेळात खेळाडू एकेक राष्ट्र चालवतो आणि नकाशा षटकोनी घरांचा, म्हणजे टाइलचा, असतो. त्यात समुद्र दोनच प्रकारचा आहे: किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा आणि त्यापलीकडचा खोल महासागर. आरंभीचे नौकानयन साधले की गॅली, म्हणजे वल्ह्यांचे प्राचीन युद्धजहाज, किनाऱ्याकिनाऱ्याने फिरू लागते, परंतु खोल पाण्याच्या टाइलमध्ये शिरण्यासाठी कार्टोग्राफीपर्यंतचे (नकाशाशास्त्रापर्यंतचे) संशोधन पूर्ण करावे लागते. खेळातील राष्ट्रांपैकी माओरी मात्र पहिल्या पाळीपासूनच खोल समुद्रात वावरतात आणि नॉर्वेला जहाजबांधणीचे तंत्र मिळताच तो खुला होतो. ही विभागणी मला फार मोलाची वाटते, कारण कोणते जहाज कोणत्या पाण्यात चालते यावरच आरमाराचा विस्तार अवलंबून असतो.

तरीही खेळाने या विचाराची एकच बाजू घेतली आहे. आरंभीच्या लहान जहाजाला खोल पाणी झेपत नाही हे तो मानतो, मोठे जहाज उथळ पाण्यात रुतते हे मात्र मानत नाही. फ्रिगेट, म्हणजे तोफांचे मोठे शिडाचे युद्धजहाज, कोणत्याही किनाऱ्याशी निर्धास्त येऊन शहरावर तोफा डागते, आणि प्रवाळखडकांच्या टाइलही लहानमोठ्या सर्व जहाजांना सारख्याच लागू होतात.

मराठी आरमाराचा इतिहास जाणणाऱ्याला ही उणीव खटकल्याशिवाय राहत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या कमी बुडीच्या, म्हणजे पाण्यात थोड्याच खोल बसणाऱ्या, होड्या खाडीतून निघून रात्रीच्या अंधारात बेटावर माणसे आणि सामान पोहोचवीत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे जागची हलत नसत, तर या होड्या वल्ह्यांवर चालत. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला आणि बेट मराठ्यांकडे राहिले. उलट १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांच्या मोठ्या युद्धनौका आत शिरू शकल्या, आणि तेथे जवळजवळ नांगरलेले आंग्र्यांचे आरमार आगीत जळाले. पेशव्यांचे लष्कर त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आजही मनाला लागते. पाण्याची खोली या दोन्ही प्रसंगी किती निर्णायक ठरली, हे खेळाच्या नियमांतून कळत नाही.

लाकडाबाबत मात्र खेळ वास्तवाच्या पुष्कळ जवळ जातो. जंगल तोडले की उत्पादनाची रास एकदाच हाती येते आणि जहाज लवकर पूर्ण होते, पण त्या टाइलचे पुढील उत्पन्न घटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे बजावले आहे. तोच हिशेब खेळाडूला प्रत्येक डावात करावा लागतो, आणि मला तो या खेळातील सर्वांत गंभीर निर्णय वाटतो.

बंदराचा नियमही विचारपूर्वक केलेला आहे. शहर समुद्रकाठी नसले, तरी तीन टाइलच्या आत किनारा असेल तर तेथे बंदर उभारून त्याला जहाजे बांधता येतात. आम्हा बडोदेकरांना हे परके वाटू नये. विश्वामित्रीकाठच्या आपल्या राजधानीपासून कितीतरी दूर, काठियावाडच्या पश्चिम टोकाला, सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९२६ मध्ये ओखा बंदर उभे राहिले होते. अंतर तीन टाइलचे खासच नव्हते!

पावसाळा खेळात नाही, आणि तो असूही शकत नाही, कारण आरंभी एक पाळी चाळीस वर्षांची असते. गॅदरिंग स्टॉर्म या खेळाच्या पुरवणी आवृत्तीत चक्रीवादळे आली, परंतु ती अवचित येतात. नारळी पौर्णिमेपर्यंत मिटलेला पश्चिम किनारा त्यांतून उभा राहत नाही.

बुडीचा नियम मात्र सहज करता येईल. प्रत्येक जहाजाला बुडीचा एक आकडा आणि प्रत्येक उथळ टाइलला खोलीचा एक आकडा द्यावा, फ्रिगेटला काही खाड्या बंद ठेवाव्यात आणि वल्ह्यांच्या जहाजांना त्या खुल्या ठेवाव्यात. मग किनाऱ्यावरचे छोटे राज्यही मोठ्या आरमारापुढे काही काळ टिकू शकेल, आणि खेळाडूला बंदराची जागा निवडताना पाणी किती खोल आहे हे आधी पाहावे लागेल.