पोकळीच्या शेजारी एक रात्र : दुबईच्या ‘ओपस’मधील मुक्काम

पुण्यात चाळीस वर्षे इमारतींच्या सांगाड्यांची गणिते करण्यात गेल्यामुळे कोणत्याही हॉटेलात शिरताना माझी नजर आधी खांब आणि तुळया शोधते, गादी किती मऊ आहे ते नंतर पाहते. शारजात राहणाऱ्या भाच्याकडे जानेवारीत आठ दिवस जायचे ठरले, तेव्हा त्यांतली एक रात्र दुबईच्या बिझनेस बे भागातील ‘ओपस’ या इमारतीत, म्हणजे तिच्यातील ‘एमई दुबई’ या हॉटेलात काढायची, हे मी तिकिटे काढण्याआधीच मनाशी ठरवले होते. त्या एका रात्रीच्या भाड्यात कोकणात आठवडाभर राहून होईल, असे सौभाग्यवतींचे म्हणणे होते आणि ते खोडून काढण्यासारखे नव्हते. तरीही आम्ही गेलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने हा वृत्तांत लिहीत आहे.

इमारतीविषयी थोडे आधी सांगायला हवे, कारण ते ठाऊक नसेल तर हे हॉटेल म्हणजे महागड्या, गोलाईदार आसनांचे दालन एवढेच वाटण्याचा संभव आहे. ‘ओपस’चा आराखडा झहा हदीद यांच्या कार्यालयाने २००७ मध्ये पुढे आणला. बगदादमध्ये १९५० साली जन्मलेल्या आणि लंडनमध्ये कारकीर्द घडवलेल्या हदीद या प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद. तो मान त्यांना २००४ मध्ये मिळाला. मार्च २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि हॉटेलाचे दरवाजे उघडले ते मार्च २०२० मध्ये, म्हणजे कोरोनाच्या साथीमुळे जगभरची विमाने जमिनीवर बसली नेमकी त्याच महिन्यात. बाहेरचा आकार आणि आतली सजावट ही दोन्ही कामे हदीद यांनी केलेले एकमेव हॉटेल म्हणून ते ओळखले जाते. चालवणारी मेलिया ही कंपनी स्पॅनिश आहे.

लांबून पाहिले तर सुमारे ९३ मीटर उंच, १०० मीटर रुंद आणि ६७ मीटर खोल असा काचेचा एक ठोकळा दिसतो आणि त्याच्या पोटात आठ मजल्यांएवढे एक वेडेवाकडे भगदाड दिसते. गुळाची ढेप मधोमध वाटीने कोरत कोरत आरपार जावे, तसा त्याचा आकार आहे. कुठेही सरळ रेष नाही, कुठेही कोपरा नाही. वस्तुतः हे दोन वेगळे मनोरे आहेत. खाली चार मजली उंचीच्या दालनाने ते जोडलेले आहेत आणि वर, जमिनीपासून ७१ मीटर उंचीवर, तीन मजली आणि ३८ मीटर रुंद अशा एका तिरप्या पुलाने त्यांना एकत्र बांधले आहे. पाहणाऱ्याचे लक्ष भगदाडाकडे जाते आणि ते जावे अशीच योजना आहे; परंतु मी रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभा राहून बराच वेळ तो पूलच न्याहाळत होतो, कारण दोन्ही बाजूंचे मनोरे वाऱ्याने आणि उष्णतेने आपापल्या परीने हलणार आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या तीन मजल्यांना ते सगळे सोसावे लागणार. एवढे कठीण काम असे पोटात लपवायचे आणि लोकांना दाखवायची ती पोकळी, हा डाव मला मनापासून आवडला.

पोकळीचा काचेचा पृष्ठभाग ६,००० चौरस मीटरचा असून तो ४,३०० सुट्या तावदानांनी बनलेला आहे. त्यांतील काही सपाट, काही एका दिशेने वळलेली आणि काही दोन्ही दिशांनी वळलेली आहेत. बाहेरच्या सरळ भिंतींच्या दुहेरी काचांवर आरशासारख्या चकाकत्या ठिपक्यांची नक्षी आहे. ती शोभेची वाटली तरी उन्हाचा ताप आत कमी यावा हे तिचे खरे काम आहे, आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या शहरात ते काम काही लहान नव्हे. दिवसा ही पोकळी निळसर काळी दिसते आणि बाहेरचा ठोकळा आकाशाचे प्रतिबिंब घेऊन उजळतो; रात्री तावदानांमधले एलईडी दिवे लागले की हा खेळ उलटा होतो, ठोकळा अंधारात विरतो आणि पोकळीच तेवढी उजळलेली राहते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बाहेर येऊन उभे राहावे आणि हा बदल पूर्ण होईपर्यंत हलू नये. खोलीत बसून हे दिसत नाही. हॉटेलाचे भाडे भरून त्याची सर्वांत देखणी बाजू रस्त्यावरून फुकट पाहावी लागते, यावर सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले ते इथे देत नाही.

आत शिरल्यावर चार मजली दालनात पांढरे सज्जे एकावर एक नागमोडी सरकत गेलेले दिसतात आणि मधल्या मोकळ्या जागेत हदीद यांनीच रेखलेली ‘पेटालिनास’ नावाची आसने फुलांच्या पाकळ्यांसारखी विखुरलेली आहेत. ती बसायला बरी आहेत, मात्र पाठ टेकून वर्तमानपत्र वाचावे अशी नाहीत.  मुक्काम करणे शक्य नसेल तर इथल्या उपाहारगृहांपैकी एखाद्यात जेवणाचे किंवा कॉफीचे निमित्त करून हे दालन पाहता येईल, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मी हाच मार्ग सुचवीन.

हॉटेलात ७४ खोल्या आणि १९ मोठे कक्ष आहेत. इमारतीचा उरलेला भाग कार्यालये, निवासी सदनिका आणि उपाहारगृहे यांच्याकडे आहे. या आकाराच्या इमारतीत एवढ्याच खोल्या असल्यामुळे वर्दळ कमी जाणवते. खोल्यांच्या रंगांच्या दोन तऱ्हा आहेत, एक वाळवंटाच्या भुऱ्या छटांची आणि दुसरी मध्यरात्रीच्या गडद निळ्या छटांची. ज्यांना सकाळी प्रसन्न वाटायला उजेड लागतो त्यांनी पहिली मागून घ्यावी. मोठ्या कक्षांत बाक आणि लिहायचे मेज एकाच तुकड्यातून वळत गेलेले आहे, आणि न्हाणीघरातील बेसिन व नळसुद्धा हदीद यांच्याच रेखाटनाचे आहेत. हे सारे पाहायला सुंदर आहे. पण भारतीय प्रवाशाच्या दोन फुगलेल्या बॅगा, औषधांचा डबा, चष्म्याची घरे आणि भाच्यासाठी आणलेल्या खाऊचे पुडे ठेवण्यासाठी जी साधी, सपाट, चौकोनी जागा लागते ती अशा खोलीत शोधावी लागते. आम्ही मोठी बॅग शारजातच ठेवून एका रात्रीपुरती लहान पिशवी नेली होती, आणि तसेच करावे असे मी प्रत्येकाला सांगेन.

आरक्षण करताना खोलीची खिडकी पोकळीकडे उघडते की शहराकडे ते स्पष्ट विचारून घ्यावे. आम्ही विचारले नाही, त्यामुळे आम्हाला शहराची बाजू मिळाली. पैशांच्या बाबतीतही एक धडा मिळाला. ज्या संकेतस्थळावरून आम्ही खोली घेतली, तिथे मोठ्या अक्षरांत मूळ भाडे होते आणि बाकीचे आकार अगदी शेवटच्या पानावर उमटले. दुबईत खोलीच्या भाड्यावर साधारणपणे १० टक्के सेवा आकार, ७ टक्के नगरपालिकेचा आकार आणि ५ टक्के व्हॅट लागतो, आणि पंचतारांकित हॉटेलात त्याखेरीज प्रत्येक खोलीमागे रात्रीला २० दिरहॅम ‘टुरिझम दिरहॅम’ म्हणून द्यावे लागतात. म्हणजे १,००० दिरहॅमची दिसणारी खोली हातात पडेपर्यंत जवळजवळ साडेबाराशेची होते; तुलना करताना हीच रक्कम धरावी. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर रोखून धरली जाते, म्हणून शक्यतो डेबिट कार्ड देऊ नये, कारण त्यातून गेलेले पैसे परत यायला दिवस लागतात. यंत्रावर रुपयांत द्यायचे की दिरहॅममध्ये असे विचारले गेले, तर न चुकता दिरहॅम निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो आणि महाग पडतो.

या हॉटेलात पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या देत नाहीत. मुक्कामापुरती एक पोलादी बाटली मिळते आणि ती ठिकठिकाणच्या पाण्याच्या यंत्रांवर भरून घ्यायची असते. अन्न वाया जाऊ नये म्हणून बुफेची पद्धतही ठेवलेली नाही. सकाळी ताट घेऊन तीन फेऱ्या मारण्याची ज्यांना सवय आहे त्यांचा इथे थोडा हिरमोड होईल. माझ्यासारख्या मधुमेह्याचे मात्र यात हितच आहे. खालच्या उपाहारगृहांत ‘रोका’ हे जपानी पद्धतीचे प्रसिद्ध ठिकाण आहे. शाकाहारी मंडळींनी रात्रीचे जेवण करामा किंवा बर दुबई भागात उरकून यावे हे उत्तम, कारण तिथे उडुपी पद्धतीची आणि गुजराती जेवणाची ठिकाणे भरपूर असून खर्चही आपल्या आवाक्यातला आहे.

विमानतळावरून टॅक्सी घेतल्यास मीटर २५ दिरहॅमपासून सुरू होतो. मेट्रोने यायचे तर लाल मार्गावरचे बिझनेस बे स्थानक सोयीचे, पण तिथून पुढे बॅगा ओढत चालण्याचा हट्ट धरू नये. रुंद रस्ते ओलांडताना दमछाक होते, म्हणून शेवटचा टप्पा टॅक्सीनेच करावा. टॅक्सीचालकाला ‘ओपस’ आणि ‘एमई’ अशी दोन्ही नावे सांगावीत. आमच्या चालकाला पहिले नाव ठाऊक नव्हते आणि दुसरे त्याला मी नीट सांगितले नाही, त्यामुळे आम्ही समोरच्या भलत्याच मनोऱ्याच्या दारात जाऊन उतरलो. जाण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च हाच धरावा, कारण अशा इमारतीचे निम्मे सुख तिच्याभोवती पायी फिरण्यात आहे आणि उन्हाळ्यात ते शक्य नाही.

भारतीय पारपत्रावर व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्यांसारख्या काहींना मात्र अटींवर तो उतरल्यावर मिळतो. याहून महत्त्वाची आणि आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे अमिरातीत खसखशीला बंदी आहे. घरच्या मसाल्याच्या पुड्या आणि खसखशीवर थापलेले अनारसे भाच्यासाठी प्रेमाने बांधून नेऊ नयेत. आमच्या पिशवीतून ते ऐन वेळी काढून शेजारी दिले गेले. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे असतील तर त्यांना आधी परवानगी लागते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची नावे तपासूनच निघावे. खोलीतील वीजजोडण्या चौकोनी तीन पिनांच्या, ब्रिटिश पद्धतीच्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मी पुन्हा खाली उतरलो. पोकळीच्या खालच्या कडेला काचांवर रात्रीची बारीक वाळू बसली होती आणि तिच्यावर दवाचे ओघळ उतरलेले दिसत होते. इथे शहरातल्या आणखी दोन इमारतींची आठवण झाली, कारण दुबईत भगदाड हे आता जणू स्थापत्याचे अंग झाले आहे: २०१८ मध्ये खुली झालेली १५० मीटर उंचीची ‘दुबई फ्रेम’ ही नुसती चौकट, २०२२ मध्ये उघडलेले ‘म्युझियम ऑफ द फ्युचर’ मधोमध पोकळ, आणि ही तिसरी. पहिल्या दोन ठिकाणी पोकळीची कड साधी आणि सुटसुटीत आहे. इथे ती एवढी वळलेली आहे की साधा पाळणा सोडून ती धुता येत नसणार, दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांनाच प्रत्येक तावदानापाशी जावे लागत असणार, असा हिशेब मी करत होतो, तोच वरच्या पुलाच्या पोटाखालून निळ्या पोशाखातला एक माणूस दोरावरून सावकाश खाली येऊ लागला. तो एक काच पुसायचा, पायाने भिंतीला किंचित रेटा द्यायचा आणि झुलत पुढच्या काचेवर जायचा. मी नाश्त्याची वेळ टळेपर्यंत उभा होतो. तोवर त्याच्या मोजून एकोणतीस काचा झाल्या होत्या.