तोरडीचा डाग

आईच्या चांदीच्या तोरड्या तिच्या लग्नातल्या, १९८१ सालच्या. गेल्या संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून घरी येताना डाव्या पायातली तोरडी फाशाजवळ, म्हणजे जिथे ती अडकवतात तिथे, तुटली. सराफ कट्ट्यावर दोन दुकानांत दाखवली. दोन्हीकडे तेच ऐकलं: कड्या झिजल्यात, जोडाचा डाग टिकायचा नाही, मोड घाला आणि नवीन घेऊन जा. आईने तोरडी तिथल्या तिथे रुमालात बांधली. "मोडायच्या नाहीत," एवढंच म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली.

त्याच महिन्यात शेजारच्या वहिनींकडून एका शेडचं कळलं. पॉवरलूम बंद पडलेली शेड, मालकाने संध्याकाळपुरती सगळ्यांसाठी उघडलेली. महिन्याला बाराशे रुपये भरायचे, तिथली हत्यारं वापरायची आणि एक निवृत्त सोनार मास्तर हाताला धरून शिकवणार. फरशीत मागांचे बोल्ट अजून तसेच आहेत, कामाची लाकडी टेबलं त्यांनाच आवळून बसवलीत. आमच्या वडिलांचा जन्म मागावर गेला. त्यामुळे त्या शेडमध्ये पाऊल टाकताच मला परकं वाटलं नाही.

मी पहिल्याच दिवशी तोरडी पुढे केली. मास्तरांनी ती उलटीपालटी केली, भिंगातून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "आत्ता नको अक्का. आधी तांबं. तांबं चुकू देतंय, चांदी चुकू देत नाही."

चांदी तेव्हा किलोला लाखाच्या वर होती, त्यामुळे तांब्यावर शिकणं खिशालाही बरं. पण खरं कारण वेगळं आहे. तांबंही चांदीसारखंच ठोकता ठोकता ताठ होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं. एका धातूवर हात बसला की दुसऱ्याचा स्वभाव निम्मा कळलेला असतो.

पहिले दोन आठवडे फक्त करवत. सोनारी करवतीचं पातं केसासारखं बारीक, दात मुठीकडे वळलेले. म्हणजे काप खाली ओढताना होतो, वर नेताना नुसतं सरकवायचं. पहिल्या संध्याकाळी माझी अकरा पाती तुटली. वळणावर मी करवत पिरगाळत होते. मास्तरांनी पात्याला मेण लावलं आणि करवत जागच्या जागी खालीवर चालू ठेवून पत्राच हळूहळू फिरवायला शिकवलं. मांडीवर कातड्याचा तुकडा पसरायचा, कीस त्यात पडतो. सराफ कट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी मी लहानपणी पाहिले होते. तो कीस कुठून येतो आणि त्याची किंमत काय, हे त्या कातड्यावर मला कळलं.

मग आग. यातच माझा जास्तीत जास्त वेळ गेला आणि आजही माझं सगळं लक्ष तिथेच असतं.

ठोकून ताठ झालेला पत्रा मऊ करायचा तर तो मंद लाल होईपर्यंत तापवायचा. हा मंद लाल रंग सोलापूरच्या उजेडात दिसतच नाही. मार्चमध्ये साडेपाच वाजतासुद्धा खिडकीतून येणारं ऊन डोळे दिपवतं, आणि रंग दिसेपर्यंत धातू बराच पुढे गेलेला असतो. माझी एक तांब्याची पुतळी, पुतळीहारात असते तशी चकती, अशीच काठाला सुरकुतली. दुसऱ्या दिवशी खिडकीवर जुनी सोलापुरी चादर टांगली आणि आगीचा कोपरा कायमचा अंधारा केला. एप्रिलपासून तर वर्गच सातनंतर. पारा बेचाळीसच्या पुढे, आणि गॅसचा टॉर्च पेटवला की पंखा बंद, कारण वाऱ्याने ज्वाला हलते. घाम पुसायला एक पंचा, वासावर लक्ष ठेवायला नाक, आणि डोळे त्या एका रंगावर.

मास्तर स्वतः फुंकणीवर शिकलेले. रॉकेलच्या दिव्याची ज्योत तोंडाने फुंकून डाग द्यायचे. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालातली हवा बाहेर सोडत राहायची, फुंकर तुटता कामा नये. त्यांनी एकदा करून दाखवलं. दोन मिनिटं ज्योत सुईसारखी सरळ होती. सत्तरीतल्या माणसाचा दम बघून आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

आमच्याकडे 'डाग' या शब्दाला किती अर्थ! कपड्यावर पडतो तो डाग, अंगावर घालतो तो सोन्याचा डाग, आणि दोन तुकडे जोडतो तोही डागच. या तिसऱ्याबद्दल मी एक चुकीची समजूत घेऊन आले होते. मागावर ताणा तुटला की दोन टोकं एकमेकांवर घेऊन गाठ मारतात. मला वाटायचं धातूलाही तसंच, फट राहिली तर डाग भरून काढेल. काढत नाही. दोन तोंडं अशी घासायची की दिव्यासमोर धरली तर मधून उजेड दिसू नये. मग टाकणखार दगडावर पाण्यात उगाळून लावायचा, म्हणजे तापताना हवेने धातू काळा पडत नाही आणि डाग वाहतो. डागाचा तुकडा तिळाएवढा. आणि ज्वाला डागावर धरायची नाही, आजूबाजूच्या धातूवर फिरवायची. जिकडे जास्त ताप, तिकडे डाग धावतो. दोन्ही बाजू सारख्या तापल्या की तो क्षणात चकाकून सांध्यात शिरतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

डाग म्हणजे चांदी, तांबं आणि जस्त. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदीत २८ भाग तांबं मिसळलं तर ते मिश्रण ७८० च्या आसपासच पाणी होतं, दोघांच्याही आधी. जस्त घातलं की आणखी खाली. मास्तरांनी हे आकडे कधी सांगितले नाहीत, ते मी घरी येऊन वाचले. ते फक्त म्हणाले, "दोघं एकत्र आले की लवकर विरघळतात की." कॅडमियमवाला डाग मात्र शेडमध्ये आणायचा नाही, हा त्यांचा नियम. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर 'केडीएम' लिहिलेलं असायचं ते हेच. त्याचा धूर फुप्फुसं आणि किडनी दोन्ही खातो.

काम झालं की लिंबूफुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात टाकायचं, आगीने आलेला काळेपणा निघतो. त्यात लोखंडी चिमटा बुडवला तर पाण्यातलं तांबं चांदीवर गुलाबी साय धरतं. एका संध्याकाळी शेजारच्या मुलाची इष्टलिंगाची (लिंगायत गळ्यात घालतात त्या शिवलिंगाची) चांदीची डबी अशी गुलाबी झाली. वडिलांसाठी करत होता, दोन अर्धगोल ठोकायला त्याला महिना लागला होता. डबी पुन्हा पांढरी होईस्तोवर आम्ही कुणी घरी गेलो नाही.

मे महिन्यात तोरडी टेबलावर आली.

फाशाजवळ कड्यांच्या सांध्यावर करड्या रंगाचा एक फुगवटा होता. मास्तरांनी तो नखाने दाबला, खूण उठली. "कथील हाय हे." फार वर्षांपूर्वी कुणीतरी ती भांड्याच्या, कथील-शिशाच्या डागाने सांधली होती. असा डाग दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणून लावायला सोपा. पण तीच जागा पुढे चांदीच्या डागासाठी लाल केली की कथील आणि शिसं चांदीत मुरतं आणि तिला खातं. मास्तरांनी खरवडून काढायला सांगितलं. मी तीन दिवस खरवडलं. चौथ्या दिवशी मला जागा पांढरी दिसली आणि त्यांना न दाखवता मी टॉर्च पेटवला.

ज्वाला लागताच कडीवर एक काळपट ठिपका आला, तो खोल गेला आणि शेजारच्या कडीलाही खड्डा पडला. मी टॉर्च बंद केला. हात थरथरत होते. ज्या तोरड्या आईने मोडू दिल्या नाहीत, त्या मी जाळल्या असं वाटलं. मास्तर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "दोन कड्या कापायच्या. कथील शिरलेली चांदी परत आगीत घालायची नाही. रड की, पण मग काप."

कापल्या. ९२५ ची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीची, दीड मिलिमीटरची तार मऊ करून सळईवर गुंडाळली, करवतीने एकेक वेढा सोडवला, तोंडं घासून मिटवली. जुन्या सांध्यांवर गेरूचा लेप दिला म्हणजे तिथला डाग सुटून वाहणार नाही, आणि घुंगरांवर ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली. चांदीइतका ताप वाहून नेणारा दुसरा धातू नाही. एका कडीला आग लावली की सगळी तोरडी तो ताप ओढून घेते आणि सांधा थंडच राहतो. म्हणून ज्वाला मोठी लागते, आणि मोठी ज्वाला म्हणजे धोका. मी चादरीमागच्या अंधारात उभी राहिले, रंग येऊ दिला, डाग चकाकला, ज्वाला काढली. दुसऱ्या कडीलाही तसंच. यावेळी मास्तर शेजारी होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

कानस, मग चारशे, आठशे, बाराशे नंबरचा पॉलिश कागद, शेवटी रिठ्याचं पाणी आणि ब्रश.

आईने तोरडी पायात घालायच्या आधी बोटांनी कड्या चाचपल्या आणि नव्या दोन बरोबर शोधल्या. त्या जास्त पांढऱ्या दिसतात. गंधकाने काळवून जुन्यासारख्या करून देते म्हटलं, तर नको म्हणाली, तू केलेल्या कुठल्या ते कळू दे. मग स्वयंपाकघरात गेली, आणि घुंगरांचा आवाज मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकला.

उजव्या तोरडीची तीच कडी झिजून अर्धी उरलीय. ती मी पुढच्या मंगळवारी शेडमध्ये नेतेय. आधी नखाने दाबून बघणार, आणि मास्तरांना दाखवल्याशिवाय टॉर्च पेटवणार नाही.