बट्टी राहून गेली

शनिवारी मी तिच्याशी कट्टी केली आणि सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारीही आली नाही. त्यानंतर ती कधीच आली नाही. ही हकीगत मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांना त्या पहिल्या वाक्यातले 'आणि' हे साधे उभयान्वयी अव्यय वाटले, पण मला ते तसे कधीच वाटले नाही. मोठ्यांच्या व्याकरणात 'आणि'चे काम दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवण्याचे असते; नऊ वर्षांच्या मुलीच्या व्याकरणात मात्र त्याचा अर्थ बिनदिक्कत 'म्हणून' असा होतो, आणि एकदा तसा अर्थ लागला की पुढे कितीही शिक्षण झाले तरी तो पुरता पुसला जात नाही.

कट्टीचे कारण सांगताना आजही थोडी लाज वाटते. ती डावखुरी होती आणि मी उजव्या हाताने लिहिणारी, आणि बाकावर आमच्या जागा अशा होत्या की लिहिताना तिचे डावे कोपर आणि माझे उजवे कोपर एकमेकांवर आपटत. जागा बदलून घेतली असती तर प्रश्न मिनिटभरात सुटला असता, पण ते आम्हा दोघींना वर्षभरात सुचले नाही. त्याऐवजी मी पट्टी घेऊन बाकाच्या मधोमध पेन्सिलीने एक रेघ आखली. ती रेघ तिच्या कोपराने ओलांडली, माझ्या हाताला धक्का लागला, आणि वहीत नीट काढलेल्या अक्षरांवरून पेनाचा एक लांब ओरखडा गेला. बस्स, एवढेच. नवी वही होती, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखे एकच.

कट्टी हा तसा फार विचारपूर्वक बनवलेला प्रकार आहे. न बोलणे हा तिचा पाया. पण मुलांना न बोलता राहवत नाही, त्यामुळे तिच्यात तिसऱ्या व्यक्तीची सोय असते. दोघीही हाताच्या अंतरावर उभ्या असतात, एकमेकींचे शब्द दोघींनाही स्वच्छ ऐकू येत असतात, तरी प्रत्येक वाक्य मधल्या मुलीमार्फतच जावे लागते आणि ती बिचारी ते अक्षरशः पुन्हा उच्चारते. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मधली मुलगी मला म्हणाली, "ती म्हणतेय, तिला तुला एक सांगायचंय." मी म्हणाले, "तिला सांग, मला काही ऐकायचं नाहीये." मधल्या मुलीने ते तिला सांगितले. तिने ते माझ्या तोंडून आधीच ऐकले होते, तरी ती पुन्हा ऐकेपर्यंत थांबली आणि मग दप्तर उचलून गेली.

बाईंनी काही दिवस हजेरीत तिचे नाव घेतले. मग त्या नाव घेण्याआधी जराशा थांबू लागल्या, आणि मग थांबणेही बंद झाले. पुढच्या यत्तेत हजेरीपट नव्याने लिहिला गेला तेव्हा माझा क्रमांक एकाने अलीकडे सरकला. ती गेल्याची मला माहीत असलेली लेखी नोंद एवढीच. मोठ्या माणसांना विचारले तर उत्तर यायचे ते 'असेल'वर संपणारे: गेले असतील कुठेतरी, बदली झाली असेल, काहीतरी घरचे असेल. मुलांच्या तर्कांना असली सावधगिरी नसते; त्यांनी आठवडाभरात तिला आजारी पाडले, परदेशी पाठवले, पळवूनही नेले, आणि मग नवा विषय मिळाल्यावर सोडून दिले. मी कोणत्याच तर्कात भाग घेतला नाही. मला कारण ठाऊक होते.

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नीतिविचाराचा जो अभ्यास केला आणि १९३२ साली प्रसिद्ध केला, त्यात मुलांना सांगायची एक छोटी गोष्ट आहे. दोन मुले बागेतली सफरचंदे चोरतात, शिपाई येतो, एक मुलगा सापडतो आणि दुसरा निसटतो. निसटलेला मुलगा वाटेत एका कुजलेल्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो. मग मुलांना विचारायचे की चोरी न करता तो त्याच पुलावरून गेला असता तर पूल मोडला असता का. लहान मुलांपैकी बहुतेकांना वाटते की पूल चोरीमुळे मोडला, जणू लाकडालाही सगळे कळते. वय वाढते तसे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण कमी होत जाते. कॉलेजात मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. माझा पूल असा होता की मी त्यावर चढलेसुद्धा नव्हते. अपराध माझा आणि पाण्यात पडली ती, असा उलटा न्याय माझ्या वाट्याला आला होता, आणि तो मी विनातक्रार मान्य केला होता.

ज्ञानाने अपराधभाव जातो ही समजूत मात्र चुकीची आहे. तो फक्त कपडे बदलतो. मी कट्टी केली म्हणून ती गेली, हे सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत मलाच हास्यास्पद वाटू लागले. एका वहीवरच्या ओरखड्यावरून कोणतेही कुटुंब गाशा गुंडाळत नाही. पण तेवढ्यात त्याची जागा दुसऱ्या वाक्याने घेतली: मी ऐकून घेतले असते तर. ती मला काय सांगणार होती? आम्ही जात आहोत, एवढेच? की कुठे जात आहोत? की असे काही, जे तिला घरातल्या कुणाला सांगता येत नव्हते आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला सांगता आले असते? पहिले वाक्य निदान खोडून काढता येत होते. हे दुसरे वाक्य खोडता येत नाही, कारण त्याला उत्तर देऊ शकणारी एकच व्यक्ती आहे आणि तिच्याशी माझी कट्टी आहे.

कधीकधी मला वाटते की तिला शोधायला हवे होते, आणि एकदा मी तसा प्रयत्न केलाही. इंटरनेटवरच्या शोधाच्या त्या रिकाम्या चौकटीसमोर बसले आणि लक्षात आले की मला तिच्याविषयी विलक्षण माहिती आहे आणि त्यातली काडीचीही उपयोगाची नाही. ती नऊचा आकडा खालून वर काढायची. गणित अडले की पेन्सिलीचे टोक नव्हे तर वेणीचे टोक चावायची. कुणी तिच्यावर रागावले की आधी तिचा डावा कान लाल व्हायचा आणि मग उजवा. खोडरबर कधी स्वतःचा आणायची नाही आणि माझा वापरताना नेमका न वापरलेल्या बाजूने वापरायची. तिच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त बाक हलायचा. हे सगळे मला आजही खडानखडा सांगता येईल. पण तिच्या वडिलांचे नाव काय, ते काय करत, ती कुठून आली होती, घरी आणखी कोण होते, यांतले एकही उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण यांतला एकही प्रश्न आमच्या मैत्रीत कधी उद्भवलाच नव्हता. मोठेपणी माणसाची ओळख होते ती नाव, गाव, हुद्दा अशा बाहेरच्या कडेने, आणि आतपर्यंत पोचायला वर्षे लागतात. लहानपणी आपण थेट मधोमध जाऊन बसतो आणि कडा पाहायच्या राहून जातात. चौकटीला हवे होते आडनाव. ते मला आठवत होते, पण ते इतके सर्रास आढळणारे निघाले की समोर शेकडो अनोळखी चेहरे आले आणि त्यांपैकी कोणत्याही चेहऱ्याचा कान लाल झालेला दिसत नव्हता. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तेही नाही. तासाभराने मी तो नाद सोडला, आणि खरे सांगायचे तर सुटकेचा निःश्वास टाकला. ती सापडली असती आणि तिने "कोण तू?" असे विचारले असते, तर माझ्या इतक्या वर्षांच्या अपराधाचे मी काय करायचे होते?

म्हणजे या अपराधभावात थोडी आढ्यतासुद्धा आहे, हे कबूल करायला हवे. त्या घरात काय घडले असेल ते घडले असेल: कर्ज, आजार, भांडण, नोकरी, मृत्यू. त्या सगळ्या उलथापालथीत माझी कट्टी ही नायिका असावी, असा माझा हट्ट आहे. पण त्याला दुसरीही बाजू आहे. अपराध पत्करला की घटनेला निदान एक कारण मिळते. नाहीतर एक माणूस शेजारून उठून जाते आणि का गेले ते जगात कुणालाच तुम्हाला सांगावेसे वाटत नाही, एवढे उघडेबोडके सत्य हातात उरते, आणि ते नऊ वर्षांच्या हातांना पेलणारे नसते. 'चूक माझी' हे त्या मानाने धरायला सोपे होते.

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना एका वेगळ्या प्रकारच्या दुःखाला नाव दिले. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल: माणूस देहाने नाही, पण मनातून गेलेले नाही, आणि ते आहे की नाही हेच ठरत नसल्यामुळे शोकालाही सुरुवात करता येत नाही. हे वाचताना मला संकोच वाटला. ज्यांच्या घरातली माणसे परतली नाहीत त्यांच्या रांगेत शाळेतल्या मैत्रिणीचे निमित्त घेऊन उभे राहणे बरे नव्हे, आणि मी तशी उभी राहतही नाही. तरीही एक गोष्ट ओळखीची वाटली. बेपत्ता माणसाचे वय वाढत नाही. मी माझ्या वर्गातल्या बाकी सगळ्यांना मनात मोठे करू शकते, कुणाला टक्कल देते, कुणाला चष्मा; ती मात्र नऊ वर्षांचीच आहे आणि दप्तर उचलत आहे.

याहून अडचणीचा एक प्रश्न मला अलीकडे छळू लागला आहे. तिने खरेच तसे म्हटले होते का? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवण्यात आली. नंतर गाड्यांच्या वेगाविषयी विचारताना एका गटापुढे जोरदार आदळण्याचे क्रियापद वापरले आणि दुसऱ्या गटापुढे साध्या धडकेचे. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी ७ जणांना. मी स्वतःला तो शनिवार इतक्या वेळा आणि इतक्या जोरकस क्रियापदांत विचारला आहे की माझ्या आठवणीत काच फुटली नसती तरच नवल. कदाचित ती फक्त "खोडरबर परत घे" म्हणाली असेल. कदाचित तिने काहीच निरोप पाठवला नसेल आणि मधल्या मुलीने, मधल्या मुली करतात तसा, आपल्या मनाने घडवला असेल. त्या मधल्या मुलीशी पुढे कितीतरी वर्षे माझे बोलणे होते, पण मी तिला हे कधी विचारले नाही. विसरले म्हणून नव्हे.

एक आठवण मात्र बनावट नाही याची मला खात्री आहे, कारण ती मनात नव्हे तर हातात आहे. ती गेल्यावर बाक माझ्या एकटीचा झाला. कोपराला हवी तेवढी जागा होती, रेघ होती पण तिच्या पलीकडे कुणी नव्हते. तरी उजवे कोपर अंगाशी घेऊन लिहिण्याची सवय जाईना. एका परीक्षेत पर्यवेक्षकांनी मला हटकले की उत्तरपत्रिका कुणापासून लपवतेस, शेजारी तर कुणी नाही. आजही टेबल कितीही मोठे असले तरी मी आक्रसूनच लिहिते.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची दोन मुले भांडली आणि त्यांनी मधल्या माणसाच्या जागी मला नेमले. त्यांपैकी धाकटी मुलगी कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "काकू, त्याला सांगा, माझी त्याच्याशी कट्टी आहे. आणि मला त्याचं काहीही ऐकायचं नाहीये." तो मुलगा तिथेच, जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उभा होता आणि त्याने सगळे ऐकले होते. निरोप शब्दशः पोचवायचा हा नियम मला चांगला ठाऊक आहे. मी त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "ती म्हणतेय तिची कट्टी आहे. पण तुला काही सांगायचं असेल तर ती ऐकून घेईल."

माझ्या पाठीमागे मुलीने इतक्या जोरात श्वास घेतला की मला तो मानेवर जाणवला. पण तिने हरकत घेतली नाही. बहुधा मधल्या माणसाशी थेट वाद घालता येतो की नाही, याविषयी तिला खात्री नसावी. मुलाने थोडा वेळ विचार केला. कठड्याला नख लावून रंगाचा एक पापुद्रा काढला.

"तिला सांगा," तो म्हणाला, "मला काही सांगायचंच नाहीये."

मी वळले आणि तिला ते जसेच्या तसे सांगितले.