बादलीतला ब्लेडचा हीटर

खानदेश उन्हाळ्यासाठी ओळखला जात असला, तरी जळगाव-धुळ्याकडची पौषातली पहाट बोचरी असते, आणि त्याच दिवसांत भाड्याच्या खोल्यांमधून दाढीच्या दोन ब्लेडांना वायर बांधून, ती बादलीत सोडून, अंघोळीचे पाणी तापवण्याचा प्रयोग सुरू होतो. प्लग नसल्याने वायरची उघडी टोके बोर्डाच्या छिद्रांत आगकाडीने दाबून बसवतात. हे पाहिले की माझ्या काळजाचा ठोका चुकतो.

बाजारातल्या हीटर-रॉडमध्ये तापणारी तार धातूच्या नळीत, विद्युतरोधक भुकटीने वेढलेली असते. येथे मात्र 230 व्होल्टच्या दाबाने वीज थेट पाण्यातूनच वाहते आणि पाणीच तापणाऱ्या तारेचे काम करते. त्यात मीठ टाकले की प्रवाह आणखी वाढतो. ओल्या शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाण्यात बोट घालणाऱ्याच्या शरीरातून 200 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडण्यास त्याहून कमीही पुरतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या स्विचला, याचा पत्ताही लागत नाही, कारण तो वायरिंग वाचवण्यासाठी असतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, हवा आणि नीट अर्थिंगही हवे. विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकांनी ते आधी करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा.